चष्म्यांची यादी

सेंगकांग, सिंगापूर
९ मार्च २०२५

आत्या,

हे पत्र तू वाचशील तेव्हा क्षिप्रा तुझ्यासमोर बसून, मी तुझ्यासाठी दिलेला चिवडा स्वतःच संपवत असेल. म्हणजे बॅग नीट पोचली असं समजायचं. बॅगेत त्रेचाळीस चष्मे आहेत. जुरोंग ईस्टच्या तिच्या चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर क्षिप्राने प्रत्येकाचा नंबर तपासला आहे आणि चिठ्ठी लिहून काडीला दोऱ्याने बांधली आहे. काचेवर ओरखडे असलेले चष्मे मी बाजूला काढले, तर आमच्या मराठी गटातल्या मधुवंतीकाकू रागावल्या. "अगं, निर्वासितांना ओरखड्याचं काय मोठंसं!" म्हणाल्या. मी तरीही ते चष्मे पाठवले नाहीत.

सगळ्यात चांगला चष्मा आमच्या ब्लॉकखाली बसणाऱ्या एका चिनी काकांनी आणून दिला. डबीसकट. "टेक लाह. माय वाइफ नो नीड ऑलरेडी," एवढंच म्हणाले. मी त्यांना पावती हवी का विचारलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. आमच्या मराठी गटाने तुला जो तक्ता दिला होता, तो तू फेब्रुवारीत भरून पाठवलास. त्यात पाच रकाने होते: नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव, आडनाव, वय, चष्म्याचा नंबर. आडनावाचा रकाना तू वरपासून खालपर्यंत कोरा सोडला आहेस. सत्तावीस बायकांपैकी सत्तावीस जणींचं नाव 'नॉ'पासून सुरू होतं आणि यच्चयावत पुरुषांचं 'सॉ'पासून. एका कुटुंबात आई, वडील आणि मुलगा यांच्या नावांत एक अक्षरही सारखं नाही. काकूंनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "ऋता, ही यादी कुणी एका जागी बसून रचलीय का गं?"

मी ताडकन नाही म्हणाले. आणि मग घरी येऊन मी तीच यादी पेन्सिल घेऊन पुन्हा तपासली, हे तुला सांगितलं नाही तर खोटेपणा होईल.

तुला सहा वर्षं झाली तिथे, थायलंडच्या सीमेवरच्या छावणीच्या दवाखान्यात. मला खात्री आहे की काहीतरी साधं कारण असेल. ते लिहून कळव. म्हणजे मला काकूंना दाखवता येईल.

तुझी
ऋता


मे सॉट
१७ मार्च

ऋता,

चिवडा अर्धा मिळाला. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब क्षिप्राकडे माग, तिचाही एखादा तक्ता कर.

'नॉ' म्हणजे आपण बाई म्हणतो तसं. 'सॉ' म्हणजे बुवा. छावणीतले हे लोक करेन जमातीचे, त्यांच्यात नावाआधी ते लावतातच. आणि आडनाव त्यांच्यात नसतंच. बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, बापाचं नाव मुलाला लागत नाही. मुलगी झाली त्या दिवशी बाजारात काय दिसलं, आईच्या मनात काय आलं, त्यावरून नाव. तुमच्या गटाने आपल्या रेशनकार्डाचा नमुना उचलून सीमेपलीकडून आलेल्या माणसांवर बसवला आणि मग ती माणसं त्यात मावेनात म्हणून ती खोटी ठरवली! तुमच्या तक्त्याप्रमाणे पाहिलं तर ही अख्खी छावणी एकमेकांना अनोळखी आहे. मधुवंतीला म्हणावं, शंका आली तर आधी स्वतःवर घ्यावी, मग कपाळावर चष्मा सरकवावा.

तुला मात्र फार बोलत नाही. शाळेत जागा मिळेपर्यंत तीन वर्षं हौगांगच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मीच तुला शिकवलं होतं. खात्री केल्याशिवाय काही मानायचं नाही, हा धडा माझाच. आता भोगते.

इकडचं सांगते. मोठ्या देशाकडून येणारी मदत जानेवारीत थांबली ती थांबलीच. छावणीच्या दवाखान्याला कुलूप आहे, एक खोली उघडी ठेवली आहे, तिथे मी आणि दोन सुइणी. तांदूळ पुढच्या काही महिन्यांत बऱ्याच घरांना बंद होणार असं बोललं जातंय. इथल्या लोकांना छावणीबाहेर जाऊन काम करायची परवानगी नाही आणि आत काम नाही. मग खायचं काय, हे विचारायला माझ्याकडे येतात, जणू मी तांदळाची मालकीण.

पुढच्या वेळी साठ चष्मे दे. फक्त जवळचे, दीड ते अडीच नंबरचे. लांबचे नकोत. काड्या कानामागे घट्ट बसणाऱ्या बघ, खाली वाकलं तर निसटता कामा नयेत.

नवी यादी सोबत आहे. आडनावाच्या रकान्यावर मी आडवी रेघ मारली आहे, ती जागा वाया घालवल्याबद्दल गटाची क्षमा मागावी.

आत्या


सेंगकांग
१२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी काकूंना वाचून दाखवलं, कपाळाचं वाक्य सोडून. त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याच्या जिभेला हाड नाही, पण पटलं." मी जहाजावर चढणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासते. कुठल्या ड्रममध्ये काय आहे, शेजारी काय ठेवायचं नाही, हे बघणं माझं काम. तिथे माझी चूक झाली तर कुणीतरी ओरडतं, आणि काम सुधारतं. इथे मी माणसांच्या नावांवर शंका घेतली आणि त्यांना कळलंही नाही.

म्हणून आता सगळं नीट करायचं ठरवलं आहे. या साठ चष्म्यांच्या डाव्या काडीवर, आतल्या बाजूला, मी पांढऱ्या शाईने क्रमांक घातले आहेत. एकशे एकपासून एकशे साठपर्यंत. वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला आहे, घामाने जाणार नाही. कोणता क्रमांक कुणाला दिला तेवढं नावापुढे लिही. एक प्रत माझ्याकडे राहील, एक काकूंकडे. मग तुझ्यावर पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही. मीसुद्धा.

बाबा बघून म्हणाले, "एवढ्या काळजीने तर मी इंजिनाचे स्पेअर पार्टसुद्धा उतरवून घेत नाही. तुझ्या शुभदाआत्याला हे आवडायचं नाही हं." का आवडणार नाही?

आणखी दोन गोष्टी. रागावू नकोस. क्षिप्राने आणलेल्या एकतीस फोटोंत चष्मा घातलेल्या फक्त दोघीजणी आहेत, आणि त्यातली एक सुईण आहे. बाकीचे चष्मे कुठे आहेत? आणि लांबचं न दिसणारे लोक तिथे एकदम बरे झाले का? मागच्या वर्षी तू त्यांच्यासाठी दर पत्रात विनवत होतीस.

ऋता


मे सॉट
२० एप्रिल

ऋता,

फोटो काढताना बायका चष्मा उतरवतात. तुझी आईही उतरवायची. क्षिप्राच्या लग्नातला तुमच्या घरातला फोटो बघ, ती कॅमेऱ्याकडे न बघता खांबाकडे बघून हसते आहे.

लांबचं न दिसणारे लोक आहेत तसेच आहेत. पण तुम्ही साठच चष्मे देणार असाल तर कुणाला आधी द्यायचे हे मला ठरवू दे. जवळचं दिसायला लागलं की माणसाचे हात कामाला येतात.

क्रमांक मला आवडले नाहीत. तुझा बाप मला तुझ्यापेक्षा चांगला ओळखतो. पण क्रमांक नको म्हटलं असतं तर तुला आणखी एक शंका आली असती आणि पुढची बॅग अडली असती. म्हणून निमूटपणे यादी भरून पाठवते आहे. साठ क्रमांक, साठ नावं.

आता एक मागते. फार विचारू नकोस. तुला सांगण्यासारखं असेल ते मी सांगेन.

आणखी चाळीस पाठव. तसेच. घट्ट काड्यांचे.

आत्या


सेंगकांग
१ जून

आत्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे.

क्षिप्रा मागच्या आठवड्यात तुमच्याकडून परत आली आणि थेट माझ्याकडे आली. चहा घेताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "ऋता, मधुवंतीकाकूंचा तो जांभळा चष्मा आठवतो? काडीवर मोती लावलेला? तो दिसला मला."

"छावणीत ना?"

"नाही गं. मे सॉटमध्ये. मोठ्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाला. एका बाईने घातला होता. पिकअप ट्रकच्या मागे दहा-बारा बाया चढत होत्या, तिने मला बघितलं आणि चष्मा काढून ब्लाउजमध्ये टाकला."

"तुला ओळखून?"

"तेच तर. मी तिचे डोळे तपासले होते की!"

मी यादीत बघितलं. जांभळा चष्मा क्रमांक एकशे सतरा. तुझ्या अक्षरात पुढे नाव लिहिलं आहे, आणि वय एकोणपन्नास. छावणीतून बाहेर पडायची परवानगी नाही असं तूच लिहिलं होतंस. मग चष्मा बाहेर कसा गेला? दोनच गोष्टी सुचतात. एकतर त्या बाईने तो दुसऱ्या कुणाला दिला किंवा विकला, आणि क्षिप्राची ओळख चुकली. नाहीतर छावणीतला कुणीतरी चष्मे गोळा करून बाहेर देतो आहे आणि म्हणून फोटोंत ते दिसत नाहीत. तिसरी गोष्टही सुचते. ती मी लिहू शकत नाही, कारण त्यात तू आहेस.

तू म्हणालीस फार विचारू नकोस. आत्या, हे वाक्य तू मला लहानपणी एकदाही म्हणाली नव्हतीस. दिवसाला शंभर प्रश्न विचारायचे मी. इंजिनिअरची मुलगी आहे, विचारणारच, म्हणायचीस.

प्रत्येक चष्मा देणाऱ्याला मी सांगितलंय की तो छावणीतल्या माणसाच्या डोळ्यांवर जाईल. त्या चिनी काकांनासुद्धा. ते अजून रोज खाली बसतात. मला त्यांच्यासमोरून जावं लागतं.

चाळीस चष्मे तयार आहेत. उत्तर आल्याशिवाय पाठवत नाही. तुझा फोन लागत नाही. मला दुसरीकडून खात्री करून घ्यावी लागेल.

ऋता


मे सॉट
१४ जून

ऋता,

क्षिप्राची वाट बघायला वेळ नाही. सिंगापूरला परतणाऱ्या एका दंतवैद्याच्या हाती देते आहे.

शहराबाहेर एक शिवणाचा कारखाना आहे. बोर्ड नाही. शर्टांची कॉलर आणि कफ शिवतात. मालकाला हात हवेत, कागद नकोत. पण सुईत दोरा ओवता आला पाहिजे, ही त्याची अट. चाळिशी उलटलेल्या बाईला चष्म्याशिवाय ते जमत नाही. चष्मा असला की दिवसभराचं काम, आणि घरात तांदूळ. तुझे साठातले चौतीस चष्मे रोज त्या ट्रकमधून जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आत आल्यावर बायका ते लपवत, कारण चष्मा दिसला की ही बाई बाहेर कामाला जाते हे पहारेकऱ्याला कळतं. आधीच्या बॅगेतल्या चष्म्यांचंही तेच, त्या फोटोंत ते का नाहीत हे आता कळलं ना? मी तुला सांगितलं नाही, कारण परवानगीशिवाय बाहेर जाणं गुन्हा आहे आणि तू गुन्ह्याला मदत करणारी मुलगी नाहीस. मला वाटलं तुला न सांगता तुझे हात स्वच्छ ठेवावेत.

अकरा तारखेला पोलीस आले. बायका मागच्या उसाच्या शेतात पळाल्या. एकही सापडली नाही. टेबलांवर चौदा चष्मे राहिले. चौदाही चष्म्यांच्या डाव्या काडीवर पांढऱ्या शाईने क्रमांक.

आमच्या संस्थेच्या बँकॉकच्या ऑफिसला ते दाखवले गेले. आता ते विचारताहेत की क्रमांकांची यादी कुणाकडे आहे. मी माझ्याकडे नाही म्हटलं, ते खरं आहे. ती तुझ्याकडे आहे. नावं मिळाली तर त्या चौदा घरांची नावं छावणीच्या पटावरून कापतील आणि त्यांना सीमेवरच्या मोई नदीपलीकडे सोडतील. पलीकडे युद्ध आहे, ते तुला बातम्यांत दिसत असेल. मला दर आठवड्याला दिसतं.

मी आता तुला विचारते, तुझ्याच पद्धतीने, दोन प्रश्न. तीन वर्षं कारखान्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तुझं 'दुसरीकडून खात्री करून घेईन' असं पत्र आलं आणि नंतर पोलीस आले. तू कुणाला काय लिहिलंस?

आणि यादी दिलीस का?

आत्या


सेंगकांग
२२ जून

आत्या,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. तीन जूनला मी बँकॉकच्या ऑफिसला ई-मेल केली. तुझं नाव नव्हतं, जांभळा चष्मा नव्हता, क्षिप्राही नव्हती. एवढंच लिहिलं होतं की देणगीतले चष्मे छावणीबाहेर वापरायला परवानगी आहे का, कारण मे सॉटच्या मोठ्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला ते ट्रकमधून जाताना दिसले. मला वाटलं मी किती जपून लिहिलं आहे. नावाऐवजी जागा आणि वेळ लिहिली. पोलिसांना त्याहून जास्त काय लागतं? ती ओळ त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, मला माहीत नाही. पोचली नाही असं मी मानणार नाही. मला तसं मानायला आवडेल, म्हणूनच मानणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे.

सोळा तारखेला ऑफिसचं पत्र आलं, यादी पाठवा म्हणून. अठराला व्हिडिओ कॉल. मी मधुवंतीकाकूंच्या घरी बसले होते, कारण दुसरी प्रत त्यांच्याकडे. तुझं पत्र आदल्या दिवशी मिळालं होतं, ते मी काकूंना वाचायला दिलं. या वेळी एकही वाक्य गाळलं नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "हरवली म्हणून सांग. संपलं."

"हरवलेली नाही ना."

"अगं बाई, मी हरवते! दे इकडे, आत्ता हरवते."

"काकू, मला खोटं बोलता येत नाही. तोंड लाल होतं. त्यांना दिसेल."

"कॅमेरा बंद ठेव, मग!"

मी कॅमेरा बंद ठेवला नाही. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती, वाईट नव्हती. तिने विचारलं यादी आहे का. मी म्हणाले, आहे. कधी पाठवाल? मी म्हणाले, पाठवणार नाही. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. तिने पुन्हा सावकाश विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले, सावकाश. काकूंनी माझा गुडघा एवढा घट्ट धरला होता की अजून निळा आहे.

तिने सांगितलं की यापुढे माझ्याकडून किंवा आमच्या गटाकडून काहीही स्वीकारलं जाणार नाही. क्षिप्राला डोळे तपासायला येता येईल, बॅगेशिवाय. मी बरं म्हणाले. कॉल संपल्यावर मी दोन्ही प्रती फाडल्या, लॅपटॉपमधलीही पुसली. आधी 'आहे' म्हणून सांगितलं, मग फाडली. या क्रमाने केलं म्हणून मला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. काकू म्हणाल्या, "तुझं डोकं तुझ्या आत्यासारखंच तिरकं आहे."

चाळीस चष्मे ज्याचे त्याला परत करते आहे. एकोणतीस झाले. प्रत्येकाला कारण सांगावं लागतं आणि खरं कारण सांगता येत नाही, म्हणून मी 'माझ्या चुकीमुळे' एवढंच सांगते. तेही खरंच आहे.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त जे झालं ते लिहिलं आहे.

ऋता


मे सॉट
६ जुलै

ऋता,

तुझ्या पत्राची खात्री करून घेतली. ऑफिसमधून. त्या शांत आवाजाच्या बाईने मला सांगितलं की सिंगापूरची एक मुलगी 'यादी आहे पण देणार नाही' म्हणाली, आणि अशा माणसाचं काय करायचं हे त्यांच्या नियमांत कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही, हे तुला कळावं. कारण पुढचं त्याहून वाईट आहे.

त्या यादीतली नावं खोटी होती.

तुझं पहिलं पत्र आलं, त्यात मधुवंतीने विचारलं होतं की यादी रचली आहे का. तोपर्यंत नव्हती रचली. तुझ्या त्या पत्रानंतर रचली. मला वाटलं, आज नावांवर शंका घेते आहे, उद्या ही मुलगी ती नावं कुठेतरी पाठवेल. जी मुलगी माझ्याच टेबलावर बसून लिहायला शिकली, तिच्यापासून मी या बायकांना लपवलं. क्रमांक आले तेव्हा साठ बनावट नावं समोर लिहून दिली आणि तुला 'साठ क्रमांक, साठ नावं' असं ऐटीत लिहिलं. जूनच्या पत्रातही तेच खोटं चालू ठेवलं.

तेव्हा तू यादी दिली असतीस तरी कारखान्यातली एकही बाई सापडली नसती. मी सापडले असते, खोटी यादी केली म्हणून, आणि छावणीत शिरायचा माझा पास गेला असता. ते एक वेळ ठीक होतं. पण इथे एकच नाव कितीतरी जणींचं असतं, आणि आडनाव नाही. मी हवेतून काढलेली नावं छावणीत कुणाची ना कुणाची आहेतच. परवा मी ती नावं आठवून पटावर बघितलं. माझ्या चौदा खोट्या नावांच्या सहा खऱ्या बायका आहेत. घराबाहेर न पडलेल्या. त्यातली एक आंधळी आहे. तिला शिवणाच्या कारखान्यात काम केलं म्हणून नदीपलीकडे धाडलं असतं. मी हा विचारच केला नव्हता. मी, जी तुला तक्त्यावरून टोमणे मारत होते.

तुझ्या एका ओळीने पोलीस आले असतील. माझ्या साठ ओळींनी काय झालं असतं ते तू थांबवलंस, आणि तुला ते माहीतही नव्हतं. कुणाची चूक मोठी, हे मी मांडून बघितलं. मला जमलं नाही, म्हणून सोडून दिलं.

कारखाना बंद आहे. बायका घरी आहेत, तांदूळ अर्ध्यावर आला आहे. काही जणी रात्रपाळीला दुसरीकडे जायचं बोलताहेत. त्यांना मी काय सांगू? क्रमांकांचे चष्मे आता वीस उरले, ते आलटूनपालटून वापरतात. तुझे क्रमांक त्यांनी ब्लेडने खरवडून काढले. नेलपॉलिश फार चिवट निघाली, सगळ्या तुला शिव्या देत होत्या. मी भाषांतर करणार नाही.

जांभळा चष्मा पोलिसांकडे आहे. ज्या बाईचा तो होता ती काल माझ्याकडे आली. तिला मी सगळं सांगितलं, तुझी ई-मेलसुद्धा. तिने तुझं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडी ते 'लिता' होतं.

तिला तुझं नाव माहीत आहे, तर तुला तिचं माहीत असायला हवं. खरं नाव. क्षिप्रा उद्या निघते आहे, तिला ते मी तोंडी सांगितलं आहे आणि चारदा म्हणून घेतलं आहे. ती तुझ्याकडे येईल आणि सांगेल.

लिहून ठेवू नकोस.

आत्या